ट्रेलरमधून कापलेला भाग

स्वतःबद्दल मी सहसा कुणाशी बोलत नाही. जव्हारला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो त्याला बरीच वर्षं झाली. बायको आणि मुलगी नाशिकला. सुरुवातीला दर शनिवारी जायचो, मग पंधरवड्यानं, आता सणवार बघून. गेलो की बायको कपाटातला नवा टॉवेल काढून देते, पाहुण्याला देतात तसा. त्याची तक्रार नाही. पण खोलीवर एकटं राहून मला एक खोड लागली आहे. ती आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तिचा संबंध येतो. कुणी तावडीत सापडलं की मी त्याला सोडत नाही. डेपोसमोरचा चहावाला ग्लास ठेवून वळला तरी मी काहीतरी विचारतो. नाशिकची गाडी, थंडी, त्याच्या भावाचं लग्न. तो उत्तर देता देता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत असतो. ते मला दिसतं. तरी मी विचारतो.

अकरावीला पर्यावरणाचा प्रकल्प असतो. मुलं वर्तमानपत्रातली कात्रणं फायलीत चिकटवून आणतात, मी सही करतो. त्या वर्षी एक मुलगी उभी राहिली आणि फायलीऐवजी व्हिडिओ चालेल का म्हणून विचारलं. ती साखरशेतकडची, वसतिगृहात राहायची. गावातल्या लग्नांच्या वरातींचे व्हिडिओ मोबाइलवर जोडून ती एडिटिंग शिकली होती. कल्पना अशी : पुढच्या काळात पाणी संपलंय, माणसं संपलीत, आणि पृथ्वीवरचा शेवटचा माणूस ओसाड गावातून चाललाय. पूर्ण पिक्चर करणं शक्यच नव्हतं. म्हणून नुसता ट्रेलर, दीड मिनिटाचा. मी चालेल म्हणालो.

ओसाड गाव कुठून आणणार, हा माझा प्रश्न होता. शेवटचा माणूस होणार होता तो मुलगा मोखाड्याकडचा. तो म्हणाला, सेट कशाला लावायचा, पोशेऱ्याच्या पुढं रस्त्याच्या खाली एक पाडा आहे, दिवाळी झाली की तिथं कोणी नसतं. भात-नाचणी घरात आली की सगळी घरं पोराबाळांसकट भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. वर्गात कुणालाच यात नवल वाटलं नाही. अर्ध्या वर्गाची घरं तशीच, दारं तारेनं बांधून बंद होती. व्हिडिओवाल्या मुलीचंही.

एका रविवारी आम्ही काळी-पिवळी ठरवून गेलो. गाडी वर रस्त्यावर थांबली, आम्ही उतरून खाली पाड्यात. कुडाच्या भिंती, दारांच्या ताट्या तारेनं आवळलेल्या, अंगणातलं शेण वाळून भेगाळलेलं. मुलांना फार आनंद झाला. शेवटच्या माणसानं खताच्या गोण्या शिवून केलेला कोट घातला, तोंडाला पाण्याची बाटली कापून केलेला मास्क बांधला. दोन शॉट होतात न होतात तोच त्याला भूक लागली. जग संपलं तरी याची भूक संपली नाही, म्हणून सगळ्यांनी त्याला धारेवर धरलं.

आणि मग घरांच्या मागून एक म्हातारा आला.

पाड्यात तो एकटाच मागे राहिला होता. मुलगा, सून, नातवंडं भट्टीवर. यानं कोंबड्या आणि घरं बघायची. माणसं बघून तो इतका हरखला की हंड्यातलं पाणी आणून प्रत्येकाला तांब्या पुढं करायला लागला; तुझा गाव कुठला, बाप कोण, असं एकेकाला विचारायला लागला. घरात त्याची बोली वेगळी, पण आमच्याशी बोलताना तो शाळेतली मराठी जुळवत होता. अडचण एवढीच की तो प्रत्येक शॉटमध्ये येत होता. मुलीनं गोड बोलून बाजूला उभं केलं तरी थोड्या वेळानं पुढच्या घराच्या कोपऱ्याला दिसायचाच. शेवटी कोटवाल्या मुलानं मास्क खाली ओढला.

"आजोबा, मी शेवटचा माणूस आहे. तुम्ही दिसलात तर मी दुसरा होतो."

"मंग मी शेवटचा राहतो," म्हातारा म्हणाला. "तू कामाचा माणूस. तू जा भिवंडीला."

सगळे हसले. मीही हसलो. पण ऊन उतरत होतं आणि वसतिगृहाचं गेट संध्याकाळी बंद होतं. मी त्याला खांद्याला धरून त्याच्या दाराशी नेलं. आत बसा, आवाज करू नका, झालं की मी हाक मारतो, असं सांगितलं.

"म्हंजे माझा काम आत बसायचा?"

"हो. तेच तुमचं काम."

त्यानं मान हलवली, आत गेला आणि ताटी ओढून घेतली. त्यानंतर शॉट भराभर झाले. शेवटचा शॉट मुलीनं स्टँडवर मोबाइल लावून घेतला : कोटवाला मुलगा घरांच्या मधून पाठमोरा जात जात दिसेनासा होतो. मग वरून गाडीवाल्यानं हॉर्न द्यायला सुरुवात केली आणि पोरं सामान उचलून चढावर पळाली.

गाडीत बसल्यावर मुलीनं विचारलं, "सर, आजोबांना सांगितलंत ना?"

मी हो म्हणालो. घाईत राहून गेलं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. रस्त्याला वळणं लागली, मुलं गाणी म्हणायला लागली आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

एडिटिंग आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत चाललं. रिकामा तास असला की मी जाऊन मागं बसायचो. काम मुलीचंच होतं, मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण तिथं बसायला बरं वाटायचं. ती एक शॉट पुढंमागं करत राहायची. एका ठिकाणी कोंबडी सापडली, ती तिनं महिनाभर शोधलेला चोर पकडावा तशी पकडून कापून टाकली. एके दिवशी तिनं माझ्या हातात इअरफोन दिले.

"सर, शेवटी हे ठेवलं तर?"

पडदा काळा होता. थोडी शांतता, वारा, आणि मग कुडाच्या आडून दबका आवाज : "झाला का?" परत शांतता. मग जरा मोठ्यानं : "झाला का, गुरजी?"

शॉट संपल्यावर मोबाइल चालूच राहिला होता. मुलगी तेव्हा विहिरीकडे ठेवलेल्या गोण्या आणायला गेली होती. 'गुरजी' ती काढून टाकणार होती, नुसतं "झाला का?" ठेवणार होती. मी इअरफोन काढले. तिनं काही विचारलं नव्हतं, तरी मी म्हणालो, "त्यानंतरच मी सांगून आलो त्यांना."

ती पडद्याकडे बघत होती. "हो, सर," म्हणाली.

स्नेहसंमेलनात ट्रेलर दाखवला. कोटवाला मुलगा पडद्यावर आला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या, त्याच्या टोपणनावानं हाका मारल्या. पण शेवटी काळ्या पडद्यावर तो आवाज आला आणि हॉल एकदम गप्प झाला. नंतर टाळ्या थांबेनात. पाहुण्यांनी विचारलं, शेवटचा आवाज कुणी दिला, फार नैसर्गिक आहे. मी मागं दाराजवळ उभा होतो. टाळ्या वाजवल्या मीही.

दुसरी घटक चाचणी संपल्यावर ती मुलगी एक पेनड्राइव्ह घेऊन आली. सगळं मूळ शूटिंग यात आहे, मोबाइलमध्ये जागा नाही, तुमच्याकडे असू द्या, म्हणाली. मग जराशानं, "शेवटची क्लिप पूर्ण आहे. ट्रेलरमध्ये मी मागचा भाग कापला होता."

"का?"

"दीड मिनिटाचाच पाहिजे होता ना, सर."

नमस्कार करून ती गेली. दुपारी कॉम्प्युटरच्या खोलीत कुणी नव्हतं. मी ती क्लिप लावली. पाठमोरा मुलगा दिसेनासा होतो. पोरांचा गलका चढावरून लांब जातो. मोकळं अंगण. "झाला का?" मग कडेनं एक माणूस चित्राच्या चौकटीत येतो, हातात पिशवी. तो मी. मी चालत येतोय आणि दुसऱ्यांदा "झाला का, गुरजी?" आल्यावर थांबतो. दाराकडे बघतो. चांगला बघतो. मग पिशवी दुसऱ्या हातात घेतो आणि चढाच्या दिशेनं चौकटीबाहेर जातो. मागून मुलगी गोण्या घेऊन येते, मोबाइलवर वाकते आणि क्लिप संपते.

घाईत राहून गेलं नव्हतं. मला ऐकू आलं होतं.

आता लिहितोच आहे तर तेही लिहितो. मला गाडीची तेवढी घाई नव्हती. हॉर्न वाजवणारा गाडीवाला पाच मिनिटं थांबला असता. पण मी हाक मारली असती तर तो बाहेर आला असता. त्यानं बसा म्हटलं असतं, कोरा चहा टाकला असता, आणि चहा उकळेस्तोवर काहीतरी विचारलं असतं, मग आणखी काहीतरी. त्याच्या बोलण्यातली ती लगबग मी सकाळपासून ओळखली होती. माझीच होती ती. चहावाला माझ्यापासून नजर वळवतो तशी मी त्या दारावरून वळवली. आणि तिनं ते पाहिलं होतं. दोन-तीन महिने तिच्याकडे ते होतं. कोंबडी कापली तसं तिनं मलाही कापून काढलं, आणि वर मला "हो, सर" म्हणाली.

होळीला भट्टीवरची माणसं गावी परततात. होळी झाल्यावर मी गेलो. यावेळी एकटाच, काळी-पिवळी वर रस्त्यावर थांबवून. पाडा ओळखूच येईना. ताट्या उघड्या, अंगणं सारवलेली, दोरीवर कपडे, पोरं, कुठंतरी मोबाइलवर गाणं. म्हातारा ओट्यावर नातवंडांत बसला होता. मला बघून सुनेला म्हणाला, हे ते पिक्चरवालं गुरजी.

मी वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. विचारलं, त्या दिवशी किती वेळ बसलात? त्यानं हसून हात उडवला.

"गाडीचा आवाज गेला तवा कळला. तरी बसलो. बोहाड्याला मुखवटा लावून मी सोंग घेत होतो ना. सोंग घेतलेला आपण होऊन उठत नाय. संबळ वाजायचा थांबला का उठायचा. तुमचा थांबला का नाय, ते कोण सांगल? कोंबड्या झाकायच्या वेळेला उठलो मंग."

पोरांना पिक्चर बघायचा होता. मी मोबाइल काढला. आठ-दहा डोकी त्यावर वाकली. आपापली घरं ओळखून पोरं ओरडत होती, ही आमची ताटी, ते आमचं जातं. जग संपलंय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी पडदा काळा झाला आणि "झाला का?" आलं. पोरं खिदळली, आजाचा आवाज, आजाचा आवाज. म्हातारा हसला नाही. त्यानं परत लावायला सांगितलं. परत ऐकलं.

"हा तर मी तुमालाच विचारला होता, गुरजी."

"हो," मी म्हणालो. "मला ऐकू आलं होतं."

सून दारात उभी होती, ती आत गेली. पोरांनी मोबाइल ओढून पुन्हा पहिल्यापासून लावला. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मंग बाकीचा पिक्चर कवा?"

"बाकीचं नाही. एवढंच आहे."

"एवढाच," तो म्हणाला. "एवढ्यासाठी बसवलात."

मग त्यानं आत बघून चहा टाकायला सांगितलं आणि मला ओट्यावर जागा करून दिली. मी बसलो. वाटलं होतं तो बोलत राहील, पण आता त्याच्याजवळ माणसं होती. नातवानं ओढलं तसा तो उठून कोंबड्यांकडे गेला. चहा येईपर्यंत मी एकटाच बसून होतो. वर रस्त्यावर गाडीनं हॉर्न दिला. पोरांनी मान वर केली नाही. मीही तिकडे पाहिलं नाही.