डब्ब्यासकट

पार्सल हातात घेण्याआधी भाऊ दोन्ही हात पँटला पुसायचे. मग खालून तळवे लावून ते उचलायचे, चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवायचे आणि माझ्याकडे न बघता विचारायचे, "कुठं दबलं तं नाही ना, बाबू?" जणू मी रोज सकाळी उठून त्यांच्या पार्सलांवरच बसत होतो!

मोहाडीत माझं कुरिअरचं लहानसं दुकान आहे. या धंद्यात राहून राहून लोकांची पार्सलं न उघडता ओळखू यायला लागतात. साडी हाताला मऊ लागते, बूट आत खडखडतात, आणि ज्याचं औषध असतं तो माणूस दारातूनच घाई करतो. भाऊंच्या पार्सलाचा मात्र मला कितीतरी दिवस पत्ता लागला नव्हता. वर लाल अक्षरांत 'जपून' लिहिलेलं, आत कागदाचे बोळे आणि वजन म्हणाल तर काहीच नाही. एकदा त्यांनी माझ्यासमोरच ते उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. आत टीव्ही गेमची जुनी कॅसेट होती.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरच्या टीव्हीला कान पिळल्यासारखी पिळायची बटणं होती, त्यांना या कॅसेटी सांगायला नकोत. जाडजूड, पिवळ्या प्लॅस्टिकच्या. यंत्रात खोचायची, नाही चालली की काढून फुंकर मारायची आणि परत खोचायची. वरच्या कागदावर हजारो खेळ लिहिलेले असत आणि आत पाच-सहाच असत, तेच फिरून फिरून येत. आम्ही असल्याच कॅसेटींवर लहानाचे मोठे झालो आणि आमचं काही अडलं नाही. भाऊंना मात्र अस्सल कॅसेट लागायची, आणि तीही तिच्या मूळ डब्ब्यात, पुस्तिकेसकट, आतल्या पुठ्ठ्याच्या कप्प्यासकट. बिनडब्ब्याच्या कॅसेटला शौकीन लोक 'लूज' म्हणतात. भाऊ सरळ 'नागडी' म्हणायचे.

"फोटो पाठवते अन् म्हणते एकदम टकाटक माल हाये," ते फोन माझ्यापुढे धरून चिडायचे. "अरे, पन नागडी हाये ना ते!"

"भाऊ, चालते ना पण? मग झालं तर."

"तू कपडे न घालता दुकानात बसशीन तं तूबी चालशीनच ना लेका."

भाऊ एसटीत कंडक्टर होते. तुमसर, मोहाडी, भंडारा, अधूनमधून आंबागडची गाडी. तिकीट देता देता प्रवाशांना विचारायचे, "घरी जुना टीव्ही गेम हाये का? डब्बा हाये का त्याचा?" पुढे कुणीतरी उठवलं, की सरकार जुने डब्बे जमा करून राहिलं. मग लोक मिक्सरचे, कुकरचे, पंख्याचे खोके घेऊन गाडीत चढायला लागले. भाऊंनी कुणाला परत पाठवलं नाही. सगळ्यांना खिडकीजवळची जागा दिली आणि खोके माझ्या दुकानात आणून टाकले. "तुले पॅकिंगले होतेत," म्हणाले.

आंबागडच्या एका म्हातारीकडे मात्र खरोखरच एक डब्बा निघाला. तिच्या नातवाच्या गेमचा. गेम कधीच मोडला होता आणि डब्ब्यात म्हातारीचं वाल-दोडक्याचं बियाणं होतं. भाऊंनी त्याच्या बदल्यात तिला स्टीलचा नवा डबा नेऊन दिला. पुढच्या फेरीला म्हातारी थांब्यावर उभी. "बापू, तुया डब्यात बियाले घाम येते. माया पुठ्ठा दे वापस." भाऊंनी बुटाचा खोका नेला. तो तिला लहान वाटला. मग मोठ्या बुटाचा नेला. असं करत करत तिच्याकडे खोक्यांची चळत झाली आणि भाऊंना अखेर तो डब्बा मिळाला. त्याला शेवटपर्यंत दोडक्याच्या बियांचा वास होता. भाऊ म्हणायचे, तोच त्याचा अस्सलपणा.

एवढा सोस पुठ्ठ्याचा का, हे मी त्यांना एकदा विचारलं. त्यांनी तिकिटाचं मशीन मांडीवर घेतलं आणि समजावून सांगितलं. त्यांच्या लहानपणी दिवसा वीज असली तर ती बातमी असायची. वडिलांनी हौसेने नागपूरहून टीव्ही गेम आणला होता आणि वीज नाही म्हणून पोरगं दुपारभर डब्बाच पुढ्यात घेऊन बसायचं. "डब्ब्यावर केवढा मोठा अजगर! त्याच्या तोंडातून आग, खाली किल्ला, किल्ल्यात राजाची पोरगी. अन् लाइन आली, टीव्ही लावला, तं चार ठिपके इकडून तिकडं पळून राहिले. मले समजलं, खरा गाव डब्ब्यावरच हाये. टीव्हीत निस्तं तिकीट हाये." मी हसलो. तेही हसले. पण त्यांना ते पूर्णपणे खरं वाटत होतं.

त्यांच्या घरी आतल्या खोलीत एका भिंतीला मांडणी होती आणि तिच्यावर सगळे डब्बे उभे, रंगारंगांनी लावलेले. खेळत मात्र ते कधी नसत. खेळायला काढलं की कोपरा झिजतो. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्या भिंतीकडे फडकं न्यायचीसुद्धा परवानगी नव्हती. मूलबाळ नव्हतं. दोघंच घरात. वहिनी चहा देता देता मला म्हणायच्या, "देवाले हात लागते माया, भाऊजी. या डब्ब्यायले नाही लागत." त्यात तक्रार कमी आणि कौतुकच जास्त असायचं. शेजारणींचे नवरे पत्ते कुटायला जात, यांचा नवरा घरात बसून पुठ्ठे न्याहाळतो, यात त्यांना काही वाईट दिसत नव्हतं.

मग भाऊंच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला दवाखान्यात ठेवलं, पोट उघडलं आणि पुन्हा शिवलं. घरी न्या, म्हणाले. जे खायला मागतील ते द्या. खोली स्वच्छ ठेवा, धूळ-जाळं चालायचं नाही. वहिनी हे ऐकून आपल्या भावाला भाऊंजवळ बसवून पुढे घरी आल्या, खोली तयार करायला.

भाऊंना गाडीतून उतरवायला मी गेलो होतो. एका बाजूने वहिनींचा भाऊ, दुसऱ्या बाजूने मी. आतल्या खोलीच्या दारात पोचलो आणि माझे पाय थांबले. भिंतींना नवा पांढरा चुना, पलंगावर धुतलेली चादर, उदबत्तीचा वास. मांडणी नव्हती. एकही डब्बा नव्हता. कोपऱ्यात फक्त धानाचं बियाणं ठेवायची पत्र्याची कोठी होती.

वहिनींचं तोंड दमलेलं होतं, पण आनंदाने फुललेलं. "त्या पुठ्ठ्यायनं केवढी धूळ धरली होती, सांगू! पन तुमी काळजी नोका करू." त्यांनी कोठीचं झाकण उघडलं. तळाशी कडुनिंबाचा पाला होता. त्यावर जुन्या सुती लुगड्याच्या घड्या आणि प्रत्येक घडीत एकेक कॅसेट, पुसलेली, उन्हात वाळवलेली. आमच्याकडे पुढच्या पेरणीचं बियाणं असंच ठेवतात. याहून जास्त जपून घरात काहीच ठेवलं जात नाही. "एकबी हरवू नाही देल्ली," वहिनी म्हणाल्या. "धान ठेवलं, फोल फेकलं."

"अन् आतली पुस्तकं?" माझ्या तोंडून गेलं.

"ते चिनी अक्षरायचे कागद? ते पुठ्ठ्यासंगच भंगारवाल्याले देल्ले."

मी आणखी काहीतरी बोलणार होतो. भाऊंनी माझं मनगट धरलं. त्या हातात आता काही जोर उरला नव्हता, तरी मला तो लागला. ते कोठीपाशी गेले, वाकून आत बघितलं, एक कॅसेट हातात घेतली, लुगड्याची घडी पुन्हा नीट बसवली.

"एकबी नाही हरवली?"

"एकबी नाही."

"बेस केलं तुनं," भाऊ म्हणाले. "मले नसतं जमलं."

मी तिथून निघालो तो थेट बाजारात, भंगारवाल्याकडे. त्याने पुठ्ठा दाबून गठ्ठे बांधले होते आणि गठ्ठे ट्रकने केव्हाच गेले होते. त्याच्या अंगणात बसून मी त्याच्यावरच ओरडलो. तो बिचारा म्हणाला, "साहेब, डब्ब्यात काही राहिलं होतं का?" काय सांगणार त्याला? काही नव्हतं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंना ते सांगितलं, वहिनी विहिरीवर गेलेल्या असताना. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, बाईवर, डॉक्टरवर, ट्रकवर. भाऊ ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "तो अजगराचा डब्बा होता ना माया, लहानपणचा? तो मायनं चूल पेटवाले जाळला होता. पावसाचे दिवस, लाकडं ओली, तिले काय ठाऊक? मी दोन दिवस जेवलो नाही. लई बोललो तिले. मंग मी इसरून गेलो, पन ते नाही इसरली. मरेपर्यंत म्हणे, 'बापू, तुया डब्बा मी जाळाले नाही पाह्यजे होता.' म्हातारी झाली, डोळे गेले, तरी तेच." दाराकडे बघून ते म्हणाले, "हिले नाही समजलं पाह्यजे. तुले सांगून ठेवतो. मी गेल्यावरबी नाही."

मी शब्द दिला.

त्यानंतरचे काही महिने भाऊंच्या घरी मी जे पाहिलं, ते मला जन्मभर पुरेल. डब्बे गेले, तशी कोपरे झिजायची भीतीही गेली. दुपारी जेवणं झाली की वहिनी कोठीत हात घालायच्या आणि हाताला येईल ती कॅसेट काढायच्या. भाऊ उशीला टेकून खेळायचे. लवकर दमायचे, मग वहिनींच्या हातात द्यायचे. वहिनींना बटणं कळत नसत, त्या सगळी एकदम दाबायच्या आणि खेळात मेल्यावर हसायच्या.

"हे काय होय, लाल लाल?" त्या विचारायच्या.

"ते लाल नाही होय. तो शिपाई हाये. त्याच्या टोपीले मोराचं पीस हाये, अन् मांगं समुद्र हाये, त्यात बुडून राहिलेलं जहाज."

"कुठं हाये जहाज?"

"हाये. मी सांगून राहिलो ना."

डब्ब्यांवरची सगळी चित्रं त्यांना पाठ होती. ती ते एकेक करून बायकोला सांगत होते आणि ती टीव्हीतल्या ठिपक्यांकडे बघत मान हलवत होती. इतक्या वर्षांत ती त्या खोलीत त्यांच्या शेजारी बसलेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. मला वाटायचं, होऊन गेलं ते बरंच झालं. आजही कधीकधी वाटतं.

धान कापणीला आलं तेव्हा भाऊ गेले. आदल्या दुपारी खेळ लावला होता, पण त्यांचे डोळे मिटलेलेच होते. वहिनी एकटीच बटणं दाबत होत्या आणि काय काय होतंय ते त्यांना सांगत होत्या.

तेरवी झाली, पाहुणे गेले. एका सकाळी मी वहिनींकडे चहाला बसलो असताना नागपूरचा एक तरुण दारात आला. भाऊंचा फोनवरचा शौकीन दोस्त. त्याला सगळं उशिरा कळलं होतं. पोरगा सालस होता, वहिनींच्या पाया पडला, डोळे पुसले. मग म्हणाला, "काकू, एकदा काकांचे डब्बे डोळ्यांनी बघू द्या. फोटोत लई पाहिले. आमच्या अख्ख्या ग्रुपमध्ये असे डब्बे कोणाकडे नाहीत. काका म्हणायचे, कॅसेट कुठंबी भेटते, माया जीव डब्ब्यात हाये."

मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो, पण तो भिंतीकडे बघत होता, मांडणी शोधत.

"डब्बे?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी कोठीचं झाकण अर्धं उचललं होतं, ते तसंच धरून राहिल्या. पोराने आत पाहिलं, पाला पाहिला, लुगडं पाहिलं. तो शहाणा होता. चहा घेतला आणि निघून गेला.

वहिनींनी कोठी लावली नाही. तिच्याजवळच खाली बसल्या.

"तुमाले माहीत होतं, भाऊजी?"

"हो."

"अन् त्यायले? त्या दिवशी आल्या आल्या समजलं होतं?"

"दारातूनच."

"मंग बोलले काहून नाही मले?"

मग मी त्यांना भाऊंच्या आईची गोष्ट सांगितली. चूल, ओली लाकडं, मरेपर्यंतची ती टोचणी. भाऊंनी माझ्याकडून शब्द घेतला होता तोही सांगितला. मला वाटलं, केवढा जीव होता त्या माणसाचा आपल्यावर, हे ऐकून यांना बरं वाटेल. वहिनींनी सगळं ऐकलं. मग हळूच मान हलवली.

"सासूबाई बरी," त्या म्हणाल्या. "तिनं बोलणं तं खाल्लं. मापी मागाले तिचा पोरगा तं होता समोर. मी कोणाले मागू?"

मी कपबशा उचलल्या, मोरीत नेऊन विसळल्या, आणि बाहेर यायचा धीर होईना म्हणून त्याच पुन्हा विसळत राहिलो.