कॅप्टनने दिलेली कबुली

ती चौकशी आठवली की आजही मान खाली जाते. महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त झाल्यावर मी मुलाकडे शारजाला, अल नहदा भागात राहायला गेलो. तिथल्या एका भारतीय कॉलेजने मला सुरक्षा अधिकारी म्हणून घेतलं. मंदीचे दिवस होते. कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला पैसे देणारी बांधकाम कंपनी मागे हटली होती. तीन प्रशिक्षकांपैकी एकच उरला होता, त्याचाही पगार रखडलेला. पालकांबरोबर मुलंही भारतात परतत होती. संघात जेमतेम आठ जण राहिले होते.

एके दुपारी त्यांतला एक जण माझ्या केबिनमध्ये आला. दार लोटून म्हणाला, "सर, हमारा कॅप्टन जानबूझकर हरवा रहा है. किसीने पैसे दिए होंगे."

कॅप्टन मूळचा नाशिकचा. सरावात त्याचा नेम चुकत नसे, पण लागोपाठ दोन सामन्यांत नेमक्या वेळी त्याचा चेंडू बाहेर गेला होता. साखळीतला शेवटचा सामना जिंकला तर संघ अंतिम फेरीसाठी बसने ओमानमध्ये, मस्कतला जाणार होता.

व्यवस्थापनाने गुपचूप चौकशी करायला सांगितली. मी त्याला बोलावलं, चहा दिला आणि गप्प बसून राहिलो. समोरचा गप्प राहिला की बहुतेकांना ते सोसत नाही. तोही बोलला.

"घेतले पैसे, सर. मला टीममधून काढून टाका."

"कोणी दिले?"

"एका माणसाने. दुबईत, रास अल खोरला."

"रास अल खोरला कुठे? गेलास कसा?"

त्याला सांगता येईना. खोटी कबुली मी ओळखतो. ती बहुधा दुसऱ्या कोणाला तरी वाचवायला दिलेली असते. मस्कतच्या तयारीसाठी गोळा केलेले पासपोर्ट माझ्याकडेच होते. त्याचा आला नव्हता. मी सहज विचारलं, "पासपोर्ट का दिला नाहीस?"

तो रडायलाच लागला. "प्लीज सर, डोन्ट कॉल माय डॅड."

वडिलांची नोकरी गेली होती, घरच्या सगळ्यांच्या व्हिसाची मुदत उलटली होती. ओमानच्या सरहद्दीवर पासपोर्ट तपासताना ते संघासमोर उघड झालं असतं. संघ हरला असता तर मस्कतला जायचा प्रश्नच नव्हता.

वडिलांना बोलवावंच लागलं. ते आले आणि मी चपापलो. आमच्याच बिल्डिंगमधले. रोज सकाळी टाय लावून लिफ्टमध्ये भेटायचे. मी विचारायचो, "ऑफिस काय म्हणतंय?" ते म्हणायचे, "चाललंय साहेब, इन्शाल्ला सुधारेल."

सगळं ऐकून ते मुलाला म्हणाले, "तुला चोर म्हटलेलं चाललं असतं?"

"तुम्हाला बेकार म्हटलेलं नसतं चाललं, बाबा."

 ते उठले आणि सराव चालू होता तिथे स्वतः गेले. मुलांना म्हणाले, "माझी नोकरी गेलीय. याने पैसे घेतलेले नाहीत." तक्रार करणारा मुलगा बुटांच्या नाड्या सोडत-बांधत राहिला. प्रशिक्षकाने त्यांना खुर्ची दिली. 

शेवटचा सामना कॅप्टन जीव तोडून खेळला. संघ जिंकला आणि सात जणच मस्कतला गेले. पुढे दंड भरून ते कुटुंब नाशिकला परतलं.

गुन्हा लपवणारा आणि लाज लपवणारा चौकशीत सारखेच वागतात, हे मला निवृत्तीनंतर कळलं. सेवेत असताना मी फक्त पहिल्यालाच शोधत होतो. दुसऱ्या प्रकारच्या किती माणसांच्या कबुलीवर मी सह्या घेतल्या असतील, ते आता कोणाला विचारणार?