हात लावू नको

"हात लावू नको. तुझ्या हातातल्या करंटने पार्ट जळतात."

कॉलेज रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने मला हे सांगितलं तेव्हा माझं बोट मदरबोर्डच्या खोक्यावर होतं. मदरबोर्डवर नाही. खोक्यावर. पुठ्ठ्याच्या, वरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेल्या खोक्यावर. मी बोट मागे घेतलं.

त्याच काउंटरवर, माझ्यापासून दोन हातांवर, माझ्याच वयाचा एक मुलगा त्याच्या वडिलांबरोबर उभा होता. त्याच्या हातात ग्राफिक्स कार्ड होतं. खोक्यातून काढलेलं, उघडं. तो ते उलटसुलट करत होता, त्याचा पंखा बोटाने फिरवून बघत होता. दुकानदार त्याला म्हणत होता, "घे ना, हातात घेऊन बघ. वजन बघ त्याचं." त्या मुलाच्या हातात करंट नसावा.

मला राग यायला हवा होता. तो आला नाही. लाज वाटली. आपल्या बोटात खरंच काहीतरी आहे, असं वाटलं आणि मी हात ओढणीत गुंडाळला. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

माझे पप्पा माझ्यामागे उभे होते. अनवाणी. दुकानाच्या पायरीवर त्यांनी चपला काढल्या होत्या. काढा असं कुणी म्हटलं नव्हतं, तशी पाटीही नव्हती. आत सगळे बूट घालून फिरत होते. बाहेर पायरीवर एकच जोड होता.

मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही नाशिकरोडला राहतो, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. पप्पा अंबडच्या एका कंपनीत फिटर. मी मोबाईलवर गेम खेळायचे, काच तडकलेल्या मोबाईलवर, आणि चांगली खेळायचे. हे मी सांगते, कारण आमच्याकडे मुलगी गेम चांगली खेळते हे कुणी कौतुकाने सांगत नाही. कॉलेजची पाच जणांची टीम होती. ती पीसीवरच्या आंतरकॉलेज गेमिंग स्पर्धेत उतरणार होती आणि त्यात मला घेतलं होतं. टीमचा कॅप्टन म्हणाला होता, "पंधरा तारखेपर्यंत स्वतःचा पीसी आण. प्रॅक्टिसला बसली नाहीस तर दुसऱ्याला घ्यावं लागेल." एवढीच अट होती. मला ती जागा हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं आडनाव न बघता, मार्क न बघता, फक्त खेळ बघून मला निवडलं होतं.

तयार गेमिंग पीसी आमच्या आवाक्याबाहेरचा. मग एकेक पार्ट निवडायचा. त्यात दोन महिने गेले आणि त्या दोन महिन्यांनी माझा जीव खाल्ला. परवडणारा प्रोसेसर सापडला की त्याचा सॉकेट मदरबोर्डला बसायचा नाही. बोर्ड बदलला की त्याला रॅम वेगळी. रॅमच्या पट्टीतली खाच जरा इकडची तिकडे असते, तेवढ्याने ती बसत नाही. रॅम जमली तर ग्राफिक्स कार्ड इतकं लांब की कॅबिनेटचं झाकण लागणार नाही. कार्ड बदललं तर त्याला पॉवर सप्लाय मोठा. तो घेतला तर पुन्हा प्रोसेसर हलका घ्या. म्हणजे परत पहिल्यापासून. वही खोडून खोडून फाटली.

पप्पांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण एका संध्याकाळी ते माझ्या वहीत डोकावले आणि म्हणाले, "हे तर फिटिंगचंच काम हाय. भोक न् बोल्ट जुळवायचं." मग कार्डाची लांबी-रुंदी मी सांगितली आणि त्यांनी वर्तमानपत्राचा तुकडा त्या मापाने कापला. कॅबिनेटच्या आतलं माप मी जमिनीवर खडूने काढलं. त्यांनी कागदाचं कार्ड आत ठेवलं, व्हर्निअरने उरलेली जागा मोजली. "पंधरा एमेम राहतंय. बसंल." तो माणूस लोखंडाच्या मापात केसाएवढा फरक पकडतो. आणि तोच माणूस कॉलेज रोडवर पायरीशी चपला काढतो.

यादीत एक अडचण मला आधीपासून माहीत होती. मी निवडलेला प्रोसेसर नवा होता आणि बोर्ड त्याच्या आधी बाजारात आलेला. जुन्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखू येत नाही. त्यासाठी बोर्डाच्या आतला मूळचा प्रोग्राम, बायोस, अपडेट करावा लागतो. म्हणूनच मी मुद्दाम मागच्या बाजूला बटण असलेला बोर्ड शोधला होता. पेनड्राइव्हमध्ये फाइल घालायची, तो मागे लावायचा, बटण दाबायचं. बोर्ड आपला आपण अपडेट होतो. यादीच्या तळाशी मी लिहिलं होतं, "बायोस अपडेट करून द्यावे." खाली दोन रेघा मारल्या होत्या.

दुकानदाराने यादी वाचली. हसला. "कुणी करून दिली?"

"मीच केली."

तो पप्पांकडे वळला. "काका, तुम्हाला कशासाठी पाहिजे नक्की?"

मी तोंड उघडण्याआधी पप्पा म्हणाले, "अभ्यासासाठी, साहेब. डिप्लोमाला हाय ती."

घरून निघतानाच त्यांनी मला बजावलं होतं, गेमचं नाव काढायचं नाही. लोक काय म्हणतील. आपल्या लोकांनी शिकायला पैसा घालवला तर चालतो, खेळायला घालवला तर माज दिसतो. पप्पांचं हे म्हणणं मला त्या वेळी पटलं होतं.

"मग ग्राफिक्स कार्ड कशाला? अभ्यासाला लागत नाही ते." मग बिलासाठी त्याने नाव विचारलं. पप्पांनी सांगितलं. आडनाव लिहिताना त्याचं पेन क्षणभर थांबलं. "अच्छा. मग स्कॉलरशिप मिळत असेल. मजा आहे तुमची." आणि तिथून पुढे काका गेले, तुम्ही गेलं. माझ्या पप्पांपेक्षा दहा वर्षांनी लहान माणूस त्यांना म्हणाला, "इथे सही कर." पप्पांनी केली.

मी बायोसची आठवण करून दिली. त्याने त्या ओळीवर काट मारली. "हे यूट्यूबचं ज्ञान घरी ठेव. पंधरा वर्षं दुकान चालवतोय." पार्ट मागच्या खोलीत गेले. आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. तो दुसरा मुलगा मात्र आत जाऊन आपलं मशीन जोडताना बघत होता. दोन तासांनी आमचं कॅबिनेट बाहेर आलं. बाजूच्या झाकणाच्या स्क्रूवर दुकानाचा पिवळा स्टिकर होता. "हा फाटला की वॉरंटी संपली. काही झालं तर इकडे आणायचं. घरी हात लावायचा नाही."

"चालू करून दाखवा ना," मी म्हटलं.

"गर्दी बघतेस ना?"

घरी मशीन आलं तेव्हा आईने शेजारच्यांना बोलावलं, पेढे वाटले. मी बटण दाबलं. पंखे फिरले, लाल दिवे लागले, बायका "वा" म्हणाल्या. स्क्रीन काळीच. मी पुन्हा दाबलं. काळीच. शेजारच्या मावशी हळूच म्हणाल्या, "होईल गं," आणि पेढा तसाच हातात घेऊन गेल्या.

मला कारण माहीत होतं. फाइल मोबाईलवर उतरवून पेनड्राइव्हमध्ये घालून झाली होती, पेनड्राइव्ह दप्तरात होता. बटण मागे, बाहेरच्या बाजूलाच होतं. झाकण उघडायची, स्टिकर फाडायची गरजच नव्हती. मी मशीन फिरवलं आणि पप्पा म्हणाले, "नको हात लावू. वॉरंटी जाईल. ते बघतील."

दुकानदाराचेच शब्द, माझ्या घरात, माझ्या बापाच्या तोंडून.

आणि मी ऐकलं. हे मला स्वतःला माफ करता येत नाही. ऐकलं. दुकानात फोन केला तर, "टेक्निशियन बाहेर आहे." दुसऱ्या दिवशी, "उद्या करा." तिसऱ्या दिवशी फोन उचलला नाही. आईने धूळ बसू नये म्हणून मशीनवर टॉवेल टाकला. आम्ही सगळे त्या टॉवेलच्या बाजूने ये-जा करायचो, जपून, धक्का लागू नये म्हणून. स्वतःच्या पैशाची, स्वतःच्या घरातली वस्तू. कुणीतरी हात लावू नको म्हटलं म्हणून आम्ही लावत नव्हतो. असं आठ दिवस.

पंधरा तारखेला मी कॅप्टनला सांगितलं, मशीन आलंय पण बंद आहे. त्याने दोन दिवस वाट बघितली. मग मेसेज आला, "सॉरी यार, दुसऱ्याला घेतलंय. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी मी कॉलेजात नसणार होते.

मेसेज वाचून मी रडले नाही. टॉवेल काढला, मशीन पुसलं आणि पप्पांना म्हटलं, "आत्ता दुकानात चला." पेनड्राइव्ह मी मुठीत घेतला.

रिक्षातून उतरताना कॅबिनेट पप्पांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. त्यामुळे पायरीवर चपला काढायच्या राहिल्या. त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला आलं.

दुकानदाराने मशीन काउंटरवरच स्क्रीनला जोडून चालू केलं. काळी स्क्रीन बघून मान हलवली. "बघ, मी म्हणत होतो. पार्टच जुळत नाहीत. कुणी सांगितलं होतं स्वतः यादी करायला? हा बोर्ड आता परत होणार नाही, वापरलाय. दुसरा घ्यावा लागेल, याच्यापेक्षा वरचा." मग पप्पांकडे बघून, "पोरींचं ऐकून असं होतं."

पप्पांनी खाली बघितलं. "ठीक हाय साहेब. दुसरा द्या."

"नको," मी म्हटलं.

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. माझा आवाज चिरकला, पण निघाला.

"पार्ट जुळतात. बायोस अपडेट करायचं मी लिहून दिलं होतं. तुम्ही त्यावर काट मारली."

"हे बघ, अभ्यासाला साधा पीसी..."

"अभ्यासाला नाही. गेम खेळायला घेतलाय. खेळायला."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मशीन बंद केलं, उलटं फिरवलं, मागच्या बाजूला पेनड्राइव्ह लावला. दुकानदाराने हात आडवा घातला. "हात लावू नको म्हटलं ना. काही झालं तर मी जबाबदार नाही."

मी थांबले. खरं सांगते, थांबले. आठ दिवसांची सवय एका नकाराने जात नाही. तेवढ्यात मागून पप्पांचा आवाज आला. कंपनीत ते मशीनवर कसे बोलत असतील, तसा.

"लाव हात. आपलं हाय ते."

मी बटण दाबून धरलं. बाजूचा बारीक दिवा लुकलुकायला लागला. आता तो थांबेपर्यंत वाट बघायची होती. दुकानदार मोबाईलमध्ये बघत राहिला. पप्पा दिव्याकडे. सहा मिनिटांनी दिवा विझला. मी मशीन चालू केलं. स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली, त्यात माझ्या प्रोसेसरचं नाव होतं.

"हां," दुकानदार म्हणाला. "म्हणजे बायोसचाच प्रॉब्लेम होता. मला वाटलंच होतं."

चुकलं, असं तो म्हणाला नाही. मी झाकणावरचा पिवळा स्टिकर नखाने खरवडून काढला आणि त्याच्या काउंटरच्या काचेवर चिकटवला. पप्पांनी मशीन उचललं आणि आम्ही बाहेर पडलो. रिक्षात ते एवढंच म्हणाले, "सहा मिन्टांचं काम व्हतं पोरी."

हो. सहा मिनिटांचं. माझी जागा त्या सहा मिनिटांपायी गेली असं मी म्हणत नाही. ती त्या आठ दिवसांपायी गेली. दुकानदाराने मला फसवलं, माझ्या बापाचा अपमान केला, ते त्याच्या खात्यावर. पण माहीत असूनही मी माझ्या वस्तूला हात लावला नाही, ते माझ्या खात्यावर. त्याने फक्त सांगितलं होतं. ते पाळलं आम्ही, आमच्या घरात, दार लावून.

त्या स्पर्धेत आमचं कॉलेज दुसऱ्या फेरीत हरलं. मला त्याचं समाधान वाटलं नाही. मला तिथे असायचं होतं.

आता आमच्या गल्लीतल्या कुणाला पीसी जोडायचा असला की यादी मी करते. कुठला बोर्ड, कुठली रॅम, कार्ड कॅबिनेटमध्ये बसतं का, सगळं. कागदाचं कार्ड पप्पा कापतात. पैसे मी घेत नाही. माझ्या अटी मात्र आहेत आणि त्या मोडल्या तर मी पुन्हा त्या माणसाबरोबर जात नाही. चपला घालून आत जायचं. प्रत्येक पार्ट आधी हातात घ्यायचा, मग पैसे द्यायचे. जोडताना समोर उभं राहायचं. आणि यादीच्या पहिल्या ओळीत, 'कशासाठी' याच्या पुढे, मी लिहिलेलं असतं, "खेळायला." दुकानदाराने विचारलं की ती ओळ मोठ्याने वाचून दाखवायची.