अक्काला काय आवडायचं?

अक्का गेली ती भरदुपारी, पण मला कळलं तेव्हा उन्हं कलली होती. भोरच्या कचेरीत मी नेहमीसारखा कागदांवर शेरे मारत बसलो होतो. आंबवड्याहून सखाराम चालत आला, मुंडासं हातात घेऊन दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "रावसाहेब, अक्का उठंनात." मला वाटलं, ताप आला असेल. मी कागद नीट आवरले, टाक पुसला, दौतीला झाकण लावलं… त्या दौतीच्या झाकणाचा मला आजही राग येतो. वाटेत ओढ्यापाशी आल्यावर सखाराम थांबला, तोंड धुतलं आणि काय ते सांगितलं.

आंबवड्याच्या देवळाजवळ माझ्या बहिणीचं बालमंदिर होतं. अडीच-तीन वर्षांपासून पाच-सहा वर्षांपर्यंतची वीस-बावीस पोरं तिच्याकडे दिवसभर असायची. दुपारचं जेवण झालं की ती सगळ्यांना घोंगड्यांवर निजवायची आणि मधोमध आपण आडवी व्हायची. उठायचीही आधी तीच. त्या दिवशी पोरं आधी उठली. अक्का अजून झोपलीय म्हणून एकमेकांना दटावत, तोंडावर बोट ठेवून सगळी तिच्याभोवती बसून राहिली. कुणाला तरी वाटलं तिला थंडी वाजतेय. त्यानं आपली वाकळ तिच्या अंगावर घातली. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं… सखारामची बायको ठकूबाई नातीला न्यायला आली तेव्हा कौलांतून उन्हाचे पट्टे खाली उतरले होते, खोलीत चिमणीची चिवचिवसुद्धा नव्हती, आणि बावीस वाकळांखाली माझी बहीण होती. मी पोचलो तोवर दिवेलागण झाली होती. बायकांनी त्या वाकळा तशाच ठेवल्या होत्या. मीही काढल्या नाहीत.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि चौदाव्या वर्षी ती कपाळ पुसून भोरला परत आली. पुढच्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली आणि स्वयंपाकघर अक्काकडे आलं. त्या घरातली अक्का मला आठवते ती नेहमी पाठमोरी. चुलीचा धूर, त्यात तिचं पांढरं लुगडं, कसलंसं गुणगुणणं, आणि पाटावर पेंगत बसलेला मी… हे खरं घडलेलं की पुढं कधी स्वप्नात पाहिलेलं, हे आता सांगता येत नाही. पण गूळपोळीची चव खरी आहे. माझी पोळी ती तव्यावर मुद्दाम जरा जास्त ठेवायची, कारण कडेला पाझरून करपलेला गूळ मला आवडायचा. वडिलांना वरणात आमसूल लागायचं, काकांना भाजीत गूळ चालायचा नाही, आईला आजारपणात गुरगुट्या भाताबरोबर मेतकूट. हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं असायचं. कुणाला काही मागावं लागायचं नाही.

आई-वडील गेल्यावर अक्का पुण्याला जाऊन लहान मुलांना शिकवण्याचा वर्ग करून आली. मी तोवर कचेरीत चिकटलो होतो, लग्न झालं होतं, आणि चार लोक काय म्हणतील याची काळजी वाहण्याचं कामही मी अंगावर घेतलं होतं. पोरं खेळतात, त्यात शिकवायचं काय, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "दत्तू, आषाढात एकदा माझ्याबरोबर आंबवड्याला चल." गेलो. लावणी चालली होती. बायका गुडघाभर चिखलात वाकलेल्या, वरून धार, आणि बांधावर एक पोर कमरेला दोरी बांधून जांभळीला अडकवून ठेवलेलं. दोरी जाईल तेवढ्यात ते गोल गोल रांगत होतं. त्याची आई दुसऱ्या टोकाच्या खाचरातून मधूनमधून मान वर करून बघत होती. परत येताना झुलत्या पुलावर अक्कानं माझा दंड धरला तो भोरच्या वेशीपर्यंत सोडला नाही. दिवाळीपर्यंत सखारामनं आपला रिकामा गोठा सारवून दिला आणि बालमंदिर सुरू झालं. अक्का तिथंच राहायला लागली, पण सुट्टीला भोरला आली की आमचा स्वयंपाक तिच्याच हातचा असायचा.

बालमंदिराला देणग्या मिळायच्या त्या एका वेगळ्याच तऱ्हेनं. त्याची सुरुवात ठकूबाईनं केली. तिचा सासरा नातवाला सोडायला यायचा आणि दिवसभर बालमंदिराच्या उंबऱ्यावरच बसून राहायचा. तो गेला. वर्षश्राद्धाला ठकूबाई डोक्यावर पाटी घेऊन अक्काकडे आली आणि म्हणाली, "म्हातारा हितंच बसायचा. त्येचा घास म्या हितंच देनार." पाटीत होतं चिंबोऱ्यांचं झणझणीत कालवण आणि नाचणीच्या भाकरी. अक्कानं तिखट कमी करायला भात कालवून तो पोरांना वाढला, ठकूबाईला मधे बसवलं आणि म्हातारा रात्री पेटती चूड घेऊन ओढ्यात चिंबोऱ्या कशा धरायचा ते पोरांना सांगायला लावलं. ही बातमी माझ्याआधी भोरच्या आळीत पोचली. मी तावातावानं गेलो. "सोवळ्यातल्या बाईनं चिंबोऱ्या वाढायच्या म्हणजे काय?" ती हसून म्हणाली, "अरे, आवड गेलेल्या माणसाची आहे. माझी कुठं आहे?"

त्या वाक्याशी मी तेव्हा जरा थांबायला हवं होतं. मी आपला बडबडत राहिलो.

मग आसपासच्या वाड्या-वस्त्यांत रीतच पडून गेली. घरातलं माणूस गेलं की त्याच्या तिथीला बालमंदिरात त्याच्या आवडीचं काहीतरी द्यायचं, आणि ते माणूस कसं होतं ते पोरांना सांगायचं. डोंगरावरून एक धनगर बाई आईच्या नावानं खरवस घेऊन यायची. एका म्हाताऱ्याला फक्त तंबाखू आवडायची, तेव्हा घरच्यांची पंचाईत झाली. अक्कानं त्यांना म्हाताऱ्याची चंची तेवढी आणायला सांगितली आणि पोरांनी त्या कप्प्या-कप्प्यांच्या पिशवीत चिंचोके भरून दिवस काढला. पोरांना गावातली गेलेली माणसं अशी चवीनं ठाऊक झाली. जिवंत आज्यांपेक्षा त्यांना मेलेले आजे जास्त माहीत, असं मी चेष्टेनं म्हणायचो.

भोरच्या पेठेतले एक शेटजी आईच्या नावानं मोठी रक्कम द्यायला निघाले होते. दारावर आईच्या नावाची फरशी बसवा, एवढीच त्यांची अट. मीच त्यांना घेऊन गेलो होतो. अक्कानं विचारलं, "आईंना काय आवडायचं?"

"आईला? तिचा हात फार चांगला. श्रीखंड करावं तर तिनं!"

"करायच्या ते नाही विचारलं. आवडायचं काय?"

शेटजी पागोटं सावरत उठले. फरशी राहिली, रक्कम राहिली. महिन्याभरानं ते एकटेच आंबवड्याला गेले, बरोबर हिरव्या चिंचांची टोपली आणि मिठाची पुडी. सासवडच्या म्हाताऱ्या मावशीला विचारून आले होते. पोरांचे दात आंबले आणि शेटजी पोरांसमोर रडले, असं अक्का सांगत होती. मी मात्र स्वतःच्या आईची आवड ठाऊक नसलेल्या मुलाची ही गोष्ट पुढं कितीतरी दिवस कचेरीत मीठमसाला लावून सांगत होतो.

आणि एक आठवण आहे, ती मी कुणाला सांगितली नव्हती. बालमंदिरातलीच एक तीन वर्षांची पोर तापानं गेली. तिची आई महिन्यानंतर आली ती रिकाम्या हातांनी, दाराशीच उभी. मी त्या दिवशी तिथं होतो. "काय आनू, अक्का? माझी ती माती खायाची. त्याच्यापायी म्या तिला मारायची. तिला दुसरं कायबी गोड लागायचं न्हाई." अक्का उठली, तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "मग मातीच आण. तिच्या आवडीच्या बांधावरची आण." ती बाई खरंच पाटीभर माती घेऊन आली. अक्कानं पाणी घातलं आणि दिवसभर पोरं मातीत खेळली. बैल झाले, चूल झाली, काहीच न झालेले नुसते गोळे झाले. ती आई त्यांच्यात बसून स्वतःही मळत होती. संध्याकाळी जाताना तिनं हात धुतले नाहीत.

अक्का गेल्यावर दहाव्याला ठकूबाई भोरला आली होती. निघताना तिनं अगदी सहज विचारलं, "रावसाहेब, मासिकाला अक्कांच्या नावानं तुमी आननार न्हवं? काय आवडायचं त्येंना?"

मी "सांगतो" म्हणालो आणि उठलो.

घरात जाऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, "वन्सं शेवटी बसायच्या. पातेल्यात उरेल तेच आपल्याला आवडतं म्हणायच्या. आणि तुम्ही त्यांचे भाऊ, तुम्ही मला विचारताय?" मग कितीतरी दिवस मी तेच शोधत होतो. कचेरीत बसल्या-बसल्या डोळे मिटायचे आणि ते जुनं स्वयंपाकघर समोर यायचं, तोच धूर, तीच पाठमोरी अक्का. मी हाक मारायचो, ती वळायची, तिच्या हातात ताट असायचं… आणि ताटात माझीच गूळपोळी. जे जे आठवायचं ते माझ्या नाहीतर वडिलांच्या आवडीचं निघायचं. कांदा तिला वर्ज्य, लसूण वर्ज्य, रात्रीचं जेवण वर्ज्य. तिनं काय खायचं नाही याची यादी मला तोंडपाठ होती. चौदाव्या वर्षी तिचं कुंकू पुसलं तेव्हा तिच्या आवडीनिवडीही त्याच फडक्यानं पुसून टाकल्या आम्ही. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ठीक आहे. पण पुढची चाळीस वर्षं तिच्या हातचं जेवत होतो, तेव्हा काय मी मुका होतो? एकदा तरी विचारायचं. मला याची लाज वाटते, आणि ती लाज झाकण्यासारखा दुसरा शब्द माझ्याजवळ नाही.

मासिक श्राद्धाच्या दिवशी रिकाम्या हातांनीच आंबवड्याला गेलो. खाचरांवर धुकं होतं, डोंगर कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. बालमंदिर ठकूबाई आणि दोघी-तिघी मिळून चालवत होत्या. देणारा माणूस जिथं बसायचा तिथं मला बसवलं. पोरं समोर, माझ्या हातांकडं बघत. मी सांगून टाकलं, "मी काही आणलं नाही. अक्काला काय आवडायचं ते मला ठाऊक नाही." ठकूबाईनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "आमालाबी कुटं ठावं हाय? त्येंनी समद्यांच्या मेलेल्यांचं इचारलं. त्येंचं कुनी इचारलंच न्हाई." माझ्या मनात आलं, शेटजींना निदान सासवडची मावशी होती.

ठकूबाईची नात हौशी, असेल चार वर्षांची, ती सरकत सरकत माझ्या गुडघ्यापाशी आली. "मंग तुमाला काय आवडतं वो?"

"गप गं!" ठकूबाई ओरडली. "जित्या मानसाला आसं इचारत्यात व्हय?"

"मंग मेल्यावं कुनाला इचारायचं?" हौशी म्हणाली.

बायका दचकल्या. मी कितीतरी दिवसांनी हसलो, आणि हसता हसता डोळे भरून आले. हौशी उत्तरासाठी थांबली होती. तिला म्हटलं, "कडेला करपलेली गूळपोळी." तिनं मान डोलावली, हिशेबी माणसानं नोंद करून घ्यावी तशी. मग मी विचारलं, "आणि तुला गं?"

तिला कुणी तरी विचारायचाच अवकाश होता. करवंदं, पर काळी. रानातली पिकली आळवं. भाकरीचा पापुद्रा, त्यावर मीठ. कालवडीचं नाक, लई गार आसतं म्हणून. बाभळीचा डिंक. आज्याच्या खांद्यावरून दिसतो तो रस्ता… ती एकेक बोट दुमडत सांगत होती. बोटं संपली तेव्हा तिनं माझा हात ओढून घेतला आणि माझ्या बोटांवर पुढचं मोजायला लागली. बाकीची पोरं मधेमधे आपलं घुसडत होती, ती त्यांना ढकलत होती. माझ्या पाचही बोटांवर तिच्या आवडी झाल्या आणि ती दम घ्यायला थांबली.

"अजून?" मी विचारलं. अक्काच्या नावानं त्या दिवशी मी तिथं दिलं ते एवढंच.