गोंदणातला तीळ

ये वो पोरी, अशी जवळ सरक. म्हंजे हा कागद तरी जवळ धर. जवाहरनगर काय लंडन हाये? तरी तोंड दाखवत नाहीस. रोज फोनवर विचारतेस, 'मावशी, ठरलं का?' फोनवर ठरते का असं?

माझ्या डाव्या हाताले, कोपराखाली, जन्माचा तीळ. लग्नाआधी आईनं गोंदणारीले बोलावलं, तं ती म्हणे, 'मधला ठिपका देवानंच देऊन ठेवला, मी भवताली फूल काढते.' तीळ फुलातच गेला. आता तो पसरला, अन् मले वाटलं, जुनं गोंदण हाये, शाई फुटली असंन. धानाच्या रोवण्यात हात चिखलात, कोण पाहते? सुनेनं पाह्यलं, भंडाऱ्याले नेलं. डॉक्टरनं तीळ काढून तपासायले पाठवला.

रिपोर्ट आला. मी विचारलं, "कॅन्सर हाये का?"

"नाही."

"मंग झालं!"

"झालं असंही नाही, आजी."

आता सांग, काय समजावं? म्हणे, पेशी बिघडलेल्या दिसतात, अन् कापलेल्या काठापर्यंत गेल्या. आणखी थोडं रुंद कापलं तं बरं. नाही तं दर काही महिन्यांनी दाखवत राहा. पण शाईत नवं काळं आलं तं ओळखायले कठीण. "तुम्हीच ठरवा." अरे, मी लुगडं घेतानाही दुकानदारालेच विचारते!

सून म्हणते, कापा. तुझे मावसाजी म्हणतात, "कॅन्सर नाही तं कायले कापाचं? धान कापून हौस नाही फिटली?" मी दोघांपुढंही मान हालवते.

खरं सांगू? अर्धं फूल गेलंच. उरलेलं आईनं दिलेलं हाये. ती म्हणे, सोनंनाणं इथंच राह्यते, बाईसंगं गोंदणच जाते. दवाखान्यात हे बोलायची लाज वाटली. डॉक्टरले वाटलं, म्हातारी सुईले भेते. घडीत वाटते, कापून मोकळं व्हावं, आई काही रागावणार नाही. घडीत वाटते, राहू दे, नजर ठेवू.

सोमवारी सांगायचं हाये. फूल थोडं वाचवून कापता येते का, एवढं विचारायचं हाये मले, पण एकटीचं तोंड उघडत नाही. तू संगं अस. रविवारीच ये वो बाई, आमच्या गावची, करडीची गाडी धर. मावसाजी घ्यायले येतील.