पाण्यापलीकडच्या सदस्य

बैठकीत त्या एकदा हात वर केला की उत्तर मिळेपर्यंत खाली घ्यायच्या नाहीत. पंधरा मिनिटं लागली तर पंधरा मिनिटं. उजवा हात भरून आला की डाव्या हाताने कोपराला आधार द्यायच्या, पण हात वरच. साहेब पुढच्या विषयाकडे वळले, चहा आला, कुणाचा फोन वाजला, तरी सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून तो शिरा वर आलेला काळासावळा हात दिसत राहायचा. शेवटी साहेबच म्हणायचे, "बोला मावशी." आणि बोलून झालं की त्या साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघायच्या.

"लिवलं का, बाई?"

मी तालुक्याच्या कचेरीत इतिवृत्त लिहीत असे. दर महिन्याला साहेबांच्या अध्यक्षतेखाली गावोगावच्या पंचायत सदस्यांची बैठक व्हायची, आणि कोण काय बोललं ते सरकारी मराठीत उतरवून काढायचं हे माझं काम. सरकारी मराठीत बोलणाऱ्याचा आवाज राहत नाही हे मला माहीत होतं, आणि त्याचं मला काही वाटेनासंही झालं होतं. सकाळी लोणावळ्याहून लोकलने यायचं, संध्याकाळी परत जायचं. लोणावळ्यातच, वलवणला आईच्या मागे उरलेल्या दोन खोल्यांत मी एकटी राहायचे. कचेरीत दिवसभर माणसं असायची, पण त्यांतलं माझ्याशी बोलायला कुणी आलेलं नसायचं. सगळे साहेबांकडे आलेले असायचे.

मावळात धरणं कमी नाहीत. त्यांतल्या एकाच्या फुगवट्यात एक टेकडी पाण्याबाहेर राहिली आहे. तिच्यावर एक वस्ती होती. कागदावर तिला वस्ती म्हणायचे, लोक बेट म्हणायचे. मावशी तिथल्या पंचायत सदस्य. बैठक अकराची असली तर त्या उजाडता निघायच्या. घरची छोटी होडी स्वतः वल्हवत पाणी ओलांडायचं, मग तासभर चालायचं, मग जीप. सभागृहात सगळ्यांच्या आधी पोचायच्या आणि बाकावर बसून पायाची माती वाळायची वाट बघायच्या. वाळली की बाहेर जाऊन झाडून यायच्या. आतल्या फरशीवर पडू द्यायच्या नाहीत.

त्यांचा प्रश्न एकच होता. होडी. पूर्वी सरकारी होडी होती, ती कुजली. होडीवाला निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही. नियम असा होता, की वस्तीत ठरावीक कुटुंबं असतील तरच होडी मंजूर होते. बेटावर तेवढी उरली नव्हती.

"होडी न्हाई म्हून मानसं गेली," त्या म्हणायच्या. "आन आता मानसं न्हाईत म्हून होडी न्हाई. ह्यातलं आदी काय झालं, ते सांगा सायेब."

सभागृह हसायचं. साहेबही हसायचे. माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त त्यांना पुढे अजून चौदा विषय असायचे. "वर कळवतो मावशी," ते म्हणायचे, आणि हात खाली यायचा. मी लिहायचे : अध्यक्षांनी खुलासा केला व सदस्यांचे समाधान झाले.

तुमच्यापैकी कुणी कचेरीत काम केलं असेल तर हे वाक्य तुम्हीही लिहिलं असेल. ते लिहिताना हात थांबतसुद्धा नाही.

एका महिन्यात त्या नेहमीसारख्या लवकर आल्या, पण बाकावर न बसता थेट माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मागल्या टायमाचं वाचून दाखवा."

मी वाचलं. शेवटच्या ओळीला त्यांनी मला थांबवलं.

"माजं समाधान झालं आसं कुणी सांगितलं तुमाला?"

"मावशी, तशी लिहायची पद्धतच आहे."

"मंग पद्धत खोटं बोलती." आवाजात राग नव्हता. त्या जरा वाकल्या आणि म्हणाल्या, "तुमी तितंच बसला हुता की. मी उठून गेले तवा माजं तोंड बगितलं का तुमी?"

मी बघितलं नव्हतं. तेव्हा मी पुढचा विषय लिहीत होते.

त्या दिवशीच्या बैठकीतही तोच प्रश्न निघाला आणि तेच उत्तर मिळालं. त्या उठल्या तेव्हा मी मान वर करून बघितलं. बाकीचे सदस्य घोळक्याने बाहेर पडत होते, चहाला चला म्हणत एकमेकांच्या खांद्यावर हात टाकत होते. मावशींना कुणी चला म्हटलं नाही. त्यांनी पिशवी काखेत मारली, रिकाम्या खुर्च्यांमधून वाट काढली आणि दाराशी क्षणभर थांबल्या, जसं काही कुणीतरी मागून हाक मारणार आहे. हाक कुणी मारली नाही. मी लिहिलं : सदस्यांचे समाधान झाले नाही.

चार शब्द. पण त्या कचेरीत ते कुणी कधी लिहिले नव्हते. आमच्या हेडक्लार्कने मला बोलावून विचारलं, बरं वाटत नाही का म्हणून. इतिवृत्त साहेबांच्या सहीने पुढे गेलं. सही करताना त्यांनी वाचलं नसावं. जिल्ह्याहून पत्र आलं : समाधान का झाले नाही, याचा स्थळपाहणीसह अहवाल पाठवावा.

ऑगस्टमध्ये आम्ही गेलो, साहेब आणि मी. काठावर मावशी होडी घेऊन उभ्या होत्या. "मधी बसा सायेब. हलू नका, घाबरू बी नका," म्हणाल्या. साहेब फाइल पोटाशी धरून बसले. वल्ही मारताना मावशी बैठकीतल्या बाई वाटत नव्हत्या. खांदे सरळ, नजर लांब. मध्यावर गेल्यावर त्यांनी एकदा खाली बोट दाखवलं. "हितं वाट हुती," एवढंच बोलल्या. मी पाण्यात बघितलं. पाणीच होतं.

बेटावर तेव्हा तीन घरांत माणसं होती. बाकीच्या घरांची नुसती जोती उरली होती, त्यांवर गवत उगवलं होतं. शाळेची खोली उभी होती, फळ्यावर कुणीतरी काढलेलं फूल अजून पुसट दिसत होतं. साहेबांनी मोजमापं घेतली, फोटो काढले. तासाभरात परत फिरायचं होतं, पण वारा उठला. पाण्यावर लाटा यायला लागल्या.

"आता न्हाई जमायचं," मावशी म्हणाल्या. "वारा बसंल मग सोडते."

वारा चार वाजेपर्यंत बसला नाही. साहेबांनी आधी घड्याळ बघितलं, मग फोन बघितला. फोनला रेंज नव्हती. मग त्यांनी काहीच बघायचं सोडून दिलं. मावशींनी नाचणीच्या भाकरी आणि सुकटाची चटणी वाढली. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली नवऱ्याचा छोटा फोटो. साहेबांनी तिसरी भाकरी मागून घेतली.

"आज प्रश्न नाही विचारला मावशी," ते म्हणाले.

"आज तुमी पावनं."

मग साहेबांनीच विचारलं, "तुमचा मुलगा सुदुंबऱ्याला कंपनीत आहे ना? मग इथे एकट्या का राहता? आणि धरण झालं तेव्हाच दुसरी जागा का नाही घेतली?"

मावशी चुलीपुढून उठल्या नाहीत. "दिली कुणी? ज्येंची घरं बुडाली त्येंना जागा मिळाल्या. आमचं घर बुडलं न्हाई. टेकडीवर हुतं. म्हून आमी बाधित न्हाई, आसं कागदावर लिवलं." त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मी लगीन करून आले ती चालत आले सायेब. खालनं, त्या वाटंनं. वाजंत्री म्होरं आन मी मागं. दोन सालानं पानी आलं. घर ऱ्हायलं, पन वाट बुडाली. तिचा पंचनामा कुणी केला?"

साहेबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. बाहेर वारा पत्रा वाजवत होता.

अहवाल साहेबांनी स्वतः लिहिला. मी टाइप केला म्हणून सांगते, त्यात एकही गुळगुळीत वाक्य नव्हतं. नियमाला अपवाद करून घ्यायला वर्ष गेलं. नंतर होडी आली, फायबरची, इंजिनाची, बारा माणसांची. काठावरच्या गावातला एक जण कंत्राटावर होडीवाला म्हणून नेमला. तो सकाळी एक आणि संध्याकाळी एक फेरी मारायचा.

पण त्या वर्षात उरलेल्यांपैकी एक घर मुलांच्या शिक्षणासाठी उठलं होतं. दुसरं म्हाताऱ्याच्या दुखण्यापायी तळेगावला गेलं. बारा जणांच्या होडीत मावशी एकट्या बसायच्या. होडीवाल्याने मला एकदा सांगितलं, की त्या मधल्या फळीवर बसत नाहीत, कडेला बसतात. बाकीची जागा मोकळी ठेवतात.

पुढच्या बैठकीत त्यांनी हात वर केला. सगळ्यांना वाटलं, आभार मानणार. साहेब खूश होते, म्हणाले, "आज पहिला मान मावशींना."

"होडी चालू हाय. लय झाक हाय," त्या म्हणाल्या. "येक इचारायचं हुतं. आता मानसं कुटनं आणू?"

या वेळी कुणी हसलं नाही. मावशींचा हात वरच होता. किती वेळ गेला माहीत नाही. मग पहिल्यांदाच त्यांनी उत्तर न घेता तो हळूच खाली घेतला, मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताने चोळत बसल्या. मी प्रश्न लिहिला, त्यांच्याच शब्दांत. उत्तराची जागा कोरी सोडली. तशीच सही झाली.

मुदत संपली. बेटावर मावशींखेरीज मतदार उरले नाहीत म्हणून तो प्रभाग शेजारच्या गावाला जोडला गेला. पावसाळ्यात मावशींना न्युमोनिया झाला, मुलगा येऊन सुदुंबऱ्याला घेऊन गेला.

मी एकदाच भेटायला गेले. दुसऱ्या मजल्यावरची खोली, स्वच्छ. सून कामाला, मुलगा पाळीवर, नातवंडं शाळेत. मावशी व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. मला बघून एवढ्या हरखल्या की उठताना खुर्ची आडवी झाली. "ह्या आमच्या मैत्रीण, हापिसातल्या," त्यांनी शेजारणीला ओरडून सांगितलं. मी कित्येक वर्षं त्यांचं बोलणं लिहीत होते. त्यांच्या मनात मी मैत्रीण होते हे मला तिथे, त्या व्हरांड्यात कळलं. मी एकदाही त्यांना चहाला चला म्हटलं नव्हतं.

"करमतं का मावशी?"

"हितं समदं हाय की. नळ हाय, दवाखाना हाय, डांबरी रस्ता दारातनं." जरा थांबून म्हणाल्या, "कुनाला काय इचारायचंच ऱ्हायलं न्हाई."

पुढच्या थंडीत त्या गेल्या. मला कळलं तेव्हा पंधरवडा उलटून गेला होता. मुलाने आईच्या मोबाइलमध्ये माझं नाव शोधलं, सापडलं नाही. तिने नंबर 'बाई' म्हणून ठेवला होता.

मी भेटायला गेले त्या दिवशी, मी नको म्हणत असताना, त्या मला सोडायला खाली आल्या होत्या. रस्त्याच्या पलीकडे माझा थांबा. गाड्यांची रांग थांबत नव्हती, तरी त्यांनी माझा दंड धरून मला पार नेलं, माझी गाडी येईपर्यंत थांबल्या. मी चढले, मागच्या खिडकीशी बसले. त्यांना परत जायचं होतं. कंपन्यांच्या बस, कंटेनर, दुचाक्या, एकामागून एक. त्या एक पाऊल पुढे टाकायच्या आणि मागे घ्यायच्या. पदर डोक्यावर ओढून पुन्हा एक पाऊल. उतरावं, असं मला वाटलं. पण गाडी सुटली होती, आणि लोणावळ्याची लोकल चुकली असती. वळणावर मी शेवटचं मागे बघितलं तेव्हा त्या अजून अलीकडच्याच कडेला उभ्या होत्या.