बाबांचा नॉर्मल रिपोर्ट

बाबांच्या छातीत दुखू लागलं आणि घरात कमावणारी एकटी आय उरली. बाबा सातपाटीला दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोटीचे म्होरके. त्यांचा मोठा भाऊ बोटीवरच छाती धरून गेला होता. त्यामुळे मालक बाबांना समुद्रावर पाठवेना. आय पालघरच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. न खपलेली मासळी आमच्या ताटात यायची. तशातच मी बीएस्सी झाले. घरातली पहिली पदवी. बोईसरला कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तशी बाबांना डॉक्टरांकडे नेलं.

पट्ट्यावर चालवून काढलेला कार्डिओग्राम धड इकडे ना तिकडे आला. मग लांब शहरातल्या मोठ्या इस्पितळात हृदयाचा स्कॅन ठरला. शिरेत थोडं किरणोत्सारी औषध टोचायचं आणि हृदयाला रक्त कुठे पोचतं याची चित्रं काढायची. एकदा दमवून, एकदा आरामात.

"म्हणजे तारापूरची अणुभट्टी माज्या अंगात?" बाबा म्हणाले. "लाइट गेली की मलाच बसवा मधल्या घरात."

रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, नजीकच्या काळात झटक्याचा धोका फार कमी आहे, अँजिओग्राफी नको. तंबाखू सोडा, रक्तदाबाची गोळी चुकवू नका, कामावर जा.

बाबा घरी येऊन ओट्यावर बसले, ते उठेनात. "काय सापडलं नाय, म्हणून काय नायच असं हाय का? जाळं रिकामं आलं म्हणून दर्यात मासळी नाय?"

"मग नेलं कशाला एवढ्या लांब?" आय म्हणाली.

मी म्हटलं, "बाबा, हे जाळं टाकणं नाही. किनाऱ्यावर तुम्ही जाळं ताणून बघता ना, कुठे फाटलंय का? तसं हे. धड निघालं तर काय करता?"

"पुढच्या फेरीला नेतो."

"मग जन्मभर बघायलाच नको?"

"जन्मभर कसं, बाय? वापरलं की परत बघायचं."

"मग डॉक्टर तरी दुसरं काय म्हणाले?"

आय हसली. "घ्या! जिला शिकवली, तिनंच तांडेलाला जाळं शिकवलं."

बाबा हसले नाहीत. तंबाखूची डबी मात्र त्यांनी आयच्या हातात दिली. रिपोर्ट घेऊन बोटमालकाशी मी स्वतः जाऊन बोलले.

नारळी पौर्णिमेनंतर बाबा त्याच बोटीवर तांडेल म्हणून गेले. अजूनही जातात.